मूल सांगते तेव्हा

शाळेची चौकशी करण्याची रीत एका पिढीत किती पालटली! पूर्वी मुलाचे नाव शाळेत घालताना घरातील वडीलधारी मंडळी दोन गोष्टी हटकून विचारीत. मास्तर कसे आहेत, आणि वाटेत ओढा लागतो का? पहिल्या प्रश्नात विद्येची काळजी असे, दुसऱ्यात जिवाची. आजचा पालक विचारतो, वर्गात डिजिटल फळा आहे का, कॅमेरे बसविले आहेत का, बस कोठवर आली ते मोबाइलवर कळते का? शब्द नवे आहेत, पण काळजी त्याच दोन आहेत. फरक एवढाच की, त्यांची उत्तरे आपण पूर्वी माणसाकडे मागत होतो, ती आता यंत्राकडे मागू लागलो आहोत.

हा बदल कितपत हिताचा, याचा विचार या महिन्याच्या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी एखाद्या महानगरातील नामांकित विद्यालयाचे उदाहरण मुद्दामच घेत नाही. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची नाळ ज्या मुलखाशी जुळलेली आहे, त्या काळी नदीच्या खोऱ्यातील एक गाव डोळ्यांपुढे ठेवू या. ते गाव म्हणजे जोयडा तालुक्यातील अणशी. शहरात यंत्र चालले नाही तर दुसरे चार उपाय हाताशी असतात. अणशीसारख्या ठिकाणी ते नसतात. म्हणून यंत्राची खरी पारख तेथेच होते.

अणशी घाटमाथ्यावर, ऐन सह्याद्रीत वसले आहे. १९८७ साली त्याच्या भोवतालचे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. २००७ मध्ये ते दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले आणि २०१५ पासून तो प्रकल्प नदीच्या नावाने ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. तालुक्याचे जुने नाव सुपे. ते मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, त्यातील अनेक कुटुंबे रामनगरला येऊन राहिली आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. सुमारे एकोणीसशे चौरस किलोमीटरांचा हा तालुका आणि वस्ती मात्र जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास. त्यामुळे एका वाडीपासून दुसरी वाडी दूर, आणि मध्ये रान, वहाळ, साकव. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की रस्ता बंद. गवा, अस्वल, बिबट्या यांचा वावर आहे. सापांची तर गणतीच नको. घराघरांत कोकणी किंवा मराठी, कचेरीत कानडी आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी, अशा तीन-चार भाषांतून तेथील मूल वाट काढीत असते.

या मुलखाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राज्याला वीज पुरविणाऱ्या खोऱ्यांत काळीचे खोरे अग्रगण्य आहे. सुप्याचे १०१ मीटर उंचीचे धरण, नागझरीचे वीजगृह, कोडसळ्ळीचा १२० मेगावॅटचा आणि कद्र्याचा १५० मेगावॅटचा प्रकल्प, शिवाय घाटाखाली कैग्याच्या अणुवीज केंद्रातील २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या, एवढा पसारा या एका नदीच्या आधाराने उभा आहे. दूरच्या शहरांतील वर्गांचे झगमगते फळे या विजेवर चालतात. परंतु याच खोऱ्यातील कित्येक वाड्यांना विजेच्या दिव्याची आणि मोबाइलच्या रेंजची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तंत्रज्ञान जेथे जन्मते तेथेच ते सर्वांआधी पोहोचते, असा नियम नाही.

म्हणून यंत्राला दोष द्यावा, असे मात्र नाही. वर्गात यंत्र आणण्याची आपल्या देशाची धडपड जुनी आणि प्रामाणिक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीद्वारे शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग आपल्या अवकाश संशोधकांनी केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविले गेले. त्यांत कर्नाटकातील खेडीही होती. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम आणि सायंकाळी मोठ्यांसाठी, असा तो परिपाठ होता. पुढे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि अनेक वर्षे मराठी मुलांसाठी कार्यक्रम करून ती बंद पडली. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह आकाशात सोडण्यात आला. २०१७ पासून ‘दीक्षा’ या नावाने देशभरच्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी पाठांचे भांडार खुले झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी सांकेतिक ठसे छापले. मोबाइल त्या ठशासमोर धरताच कविता ऐकू येई, पाठ दिसू लागे. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. या साऱ्या उपक्रमांचा मोठेपणा निःसंशय आहे. त्यांतील यशस्वी प्रयोग पाहिले तर एक गोष्ट आढळते. संचाजवळ, पुस्तकाजवळ कोणी तरी उभा होता. मुलाला काय कळले आणि काय कळले नाही, हे विचारणारा तो माणूस नाहीसा झाला की उत्तमातले उत्तम यंत्रही कपाटात जाते आणि त्यावर धूळ बसते.

विद्येच्या बाबतीत यंत्र कपाटात गेले तर नुकसान होते, पण ते भरून काढता येते. जिवाच्या बाबतीत तशी सवड नसते. म्हणून आता दुसऱ्या काळजीकडे वळू.

गेल्या काही वर्षांतील तीन घटना पाहा. तिन्ही वेगवेगळ्या राज्यांतील, तिन्हींची कारणे वेगळी.

पहिली घटना वायनाडची. अणशी ज्या सह्याद्रीच्या रांगेत आहे, त्याच रांगेत दक्षिणेला केरळातील हा डोंगराळ जिल्हा. केरळने आपल्या सरकारी शाळांतील हजारो वर्ग ‘हायटेक’ करण्याचे काम तेव्हा हाती घेतलेलेच होते आणि त्यात ते राज्य देशात पुढे होते. त्याच राज्यात २० नोव्हेंबर २०१९ रोजी सुलतान बत्तेरी येथील एका शाळेत, वर्गाच्या जमिनीतील बिळातून निघालेला साप दहा वर्षांच्या मुलीला चावला. साप चावला असे तिने सांगितले होते, पण तिला तातडीने रुग्णालयात हलविले गेले नाही, असे तिच्या वर्गमैत्रिणींनी नंतर सांगितले. घरून वडील आल्यावर धावाधाव झाली. त्या संध्याकाळी मुलगी गेली. पुढे निलंबन झाले, राज्यभरातील शाळांची पाहणी झाली, बिळे बुजविली गेली.

दुसरी घटना ठाणे जिल्ह्यातील बदलापूरची, ऑगस्ट २०२४ मधील. एका शाळेच्या स्वच्छतागृहात तीन-चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप शाळेतील एका पुरुष सफाई कामगारावर होता. शाळेत कॅमेरे होते, पण ते ऐन वेळी उपयोगी पडले नाहीत. बालिकेने आपल्या परीने घरच्यांना दुखणे सांगितले आणि घरच्यांनी ते ऐकले, म्हणून तरी गोष्ट बाहेर आली. मात्र फिर्याद नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत राहावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली.

तिसरी घटना राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावची. २५ जुलै २०२५ च्या सकाळी सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले दगावली. वरून खडे पडत आहेत असे आम्ही सांगितले होते, पण आम्हांला गप्प बसविले गेले, असे वाचलेल्या मुलांचे म्हणणे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले.

साप, नराधम आणि मोडकळीस आलेले छत. वरवर पाहता या तीन घटनांत काहीच साम्य नाही. परंतु तिन्ही ठिकाणी मूल बोलले होते. कोणत्याही यंत्राच्या आधी, कोणत्याही अधिकाऱ्याच्या आधी, धोक्याची वर्दी मुलाने दिली होती. बदलापुरात ती घरात ऐकली गेली, पण ठाण्याच्या दारात अडली. इतर दोन ठिकाणी ती वर्गातच विरली, असे मुले सांगतात. माझ्या मते शाळेतील सुरक्षिततेचा सारा विचार येथून सुरू व्हावयास हवा. मूल सांगते तेव्हा कोण ऐकतो, आणि ऐकल्यावर किती वेळात हालतो?

हा निकष हाती घेतला की कोणते यंत्र कामाचे आणि कोणते केवळ समाधानाचे, हे आपोआप उलगडू लागते.

कॅमेऱ्याचेच घ्या. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शाळांतून एका महिन्याच्या आत कॅमेरे बसविण्याचा आदेश काढला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना ध्वनीसह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्यास आणि ते चित्रण किमान पंधरा दिवस जपून ठेवण्यास सांगितले. दोन्ही आदेशांमागील तळमळ समजण्यासारखी आहे. दाराशी, वाटेवर, जिन्यापाशी कॅमेरा असणे बरेच. अनोळखी माणूस बिचकतो, आणि काही घडलेच तर शोधाला धागा मिळतो. परंतु कॅमेरा घडलेले टिपतो. घडत असताना तो पाहावयाचा असेल तर समोर जागा माणूस बसलेला हवा. शिवाय स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. मंडळाच्या आदेशातही ती जागा वगळलेली आहे. म्हणजे ज्या ठिकाणी बदलापूरच्या बालिकांना रक्षणाची गरज होती, नेमक्या त्याच ठिकाणी कॅमेऱ्याची सत्ता संपते. तेथे हवी असते ती लहान मुलींबरोबर जाणारी एक विश्वासाची सेविका. तिचा पगार कॅमेऱ्याच्या किमतीप्रमाणे एकदा देऊन भागत नाही, दर महिन्याला द्यावा लागतो. बहुधा याच कारणाने अनेक व्यवस्थापनांना सेविकेपेक्षा कॅमेरा स्वस्त वाटतो.

त्याच आदेशात शाळेत तक्रारपेटी ठेवण्याचीही सूचना आहे. मोठ्या मुलांना ती उपयोगी पडेल. पण चार वर्षांच्या मुलीला तक्रार लिहिता येत नाही. ती फार तर शाळेत जायचे नाही म्हणून रडेल, अंगाला हात लावू देणार नाही, झोपेत दचकेल. ही भाषा वाचणारे यंत्र अजून निघालेले नाही. ती आईला, आजीला आणि चांगल्या बाईंना वाचता येते.

कॅमेऱ्याची आणखी एक बाजू आहे. २०१९ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या शाळांच्या वर्गांतील चित्रण पालकांना घरबसल्या दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनीही त्याविषयी शंका काढल्या होत्या. दिवसभर कोणी तरी पाहते आहे, या जाणिवेत वाढणारे मूल शिस्तीचे होईल, की मनातले मनात ठेवावयास शिकेल? मुलांसंबंधीची माहिती गोळा करण्यावर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने निर्बंध घातले आहेत आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. वर्गाचे चित्रण कोण पाहतो आणि ते कोठे साठते, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. तो वापरला पाहिजे.

आता दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचे उदाहरण देतो. १९९६ साली मुंबईत, रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १०९८. पैसे न देता कोणत्याही मुलाने तो फिरवावा आणि पलीकडे त्याचे ऐकणारा माणूस असावा, एवढीच ती कल्पना. आज ती सेवा देशभर आहे, आणि २०२३ पासून शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जात असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. दूरध्वनी ही काही नवलाची वस्तू नव्हे. पण येथे यंत्र मुलावर नजर ठेवीत नाही, मुलाचा शब्द वाहून नेते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी याहून मोलाचे यंत्र मला तरी ठाऊक नाही. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हा क्रमांक लिहिलेला असावा, आणि तो का फिरवावयाचा हे परिपाठाच्या वेळी मुलांना त्यांच्या बोलीत सांगितलेले असावे.

हवामानाचेही तसेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज कोसळण्याची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे ॲप तयार केले आहे. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने त्याच कामासाठी ‘सिडिलु’ काढले आहे. आकाशातील विजेचा माग घेऊन त्या परिसरातील मोबाइलवर सूचना देण्याची ही योजना खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु अणशीच्या परिसरात ती सूचना मुलापर्यंत कशी पोहोचावी? रेंज असेल तर ती शिक्षकाच्या मोबाइलवर येईल. शिक्षकाने ती पाहिली पाहिजे, पाहून घंटा दिली पाहिजे, आणि घंटा ऐकून मैदानावरील पोरे झाडाखाली न थांबता पक्क्या छपराखाली आली पाहिजेत. पुण्याच्या प्रयोगशाळेपासून मैदानापर्यंतच्या या साखळीतील शेवटच्या दोन कड्या म्हणजे लोखंडाची घंटा आणि तिचा अर्थ समजलेले मूल. त्या कड्या तुटल्या तर आधीची सारी विद्वत्ता वाया जाते. अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचा निरोपही आता मोबाइलवरच फिरतो. तो एखाद्या वाडीत रात्री पोहोचला नाही, तर सकाळी तेथील मूल भरलेल्या वहाळावरून बंद शाळेकडे निघणार! अशा वाड्यांसाठी निरोप सांगणारा माणूस आधीच ठरवून ठेवणे, याला पैसा लागत नाही. एका कागदावर नावे लिहावी लागतात, एवढेच.

सापाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण रानाकाठच्या शाळेत तो रोजचा शेजारी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने सर्पदंशाची नोंद शासनाला कळविणे बंधनकारक केले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. सह्याद्रीत आढळणाऱ्या चापड्याच्या जातीच्या सापांवर ती गुणकारी मानली जात नाही. म्हणून कोणता साप होता याचा वाद घालीत न बसता मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकरात लवकर नेणे, हाच शहाणपणा. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. ज्या हाताला वा पायाला दंश झाला तो हलू देऊ नये, मुलाला धीर द्यावा आणि वाहन काढावे. अणशीहून जोयड्याला जावयाचे किंवा घाट उतरून कारवारला, दोन्हीकडे रानातून जाणारा वळणांचा रस्ता आहे. तेथे वाहन कोणाचे, चालक कोण आणि रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठवावयाचे, हे आधी ठरलेले नसेल तर वर्गातील मोठा पडदा त्या मुलाला काडीचाही उपयोगी पडत नाही. मोबाइलची शहरात चैन म्हणून गणना होवो, अशा गावी रेंज येणे हा जिवाचा प्रश्न असतो. गावकऱ्यांनी टॉवरची मागणी केली तर तिच्यामागे चित्रपट पाहण्याची हौस आहे, असे कोणी समजू नये.

येथवर शाळेबाहेरून आणि शाळेच्या भिंतींतून येणाऱ्या संकटांचा विचार केला. एक संकट मात्र आपण आपल्या हातांनी मुलाच्या हाती दिले आहे. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या आणि ज्या घरांत मुलांना मोबाइलला हात लावण्याची बंदी होती, तेथे तोच मोबाइल रातोरात पाठ्यपुस्तक झाला. डोंगरमाथ्यावर रेंज शोधीत बसलेली मुले त्या वर्षी सह्याद्रीत ठिकठिकाणी दिसली. काही मुलांचा अभ्यास त्यामुळे तगला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच वाटेने अनोळखी माणसे, फसवे खेळ, पैशांची लुबाडणूक आणि नको ती चित्रेही घरात आली. ‘युनेस्को’ने २०२३ मध्ये जगभरातील शिक्षणातील तंत्रज्ञानाचा आढावा घेतला, त्यात यंत्र हे शिक्षकाच्या जागी न येता त्याच्या मदतीला असावे, असे स्पष्ट बजावले आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे काय होईल ते होवो. घरातल्या नियमासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

मात्र या नियमात एक सावधगिरी हवी. मोबाइलवर फसलेले मूल आईबापांना का सांगत नाही? सांगितले तर आधी मार बसेल आणि मग मोबाइल जाईल, ही भीती त्याला असते. धमकी देणारा नेमका या भीतीचा फायदा घेतो. ‘घरी सांगशील तर बघ’ या त्याच्या वाक्याला आपल्या धाकाचे बळ मिळते. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवावे, “काहीही झाले तरी तू आम्हांला सांग, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही.” आणि वेळ आली तर हा शब्द पाळावा. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मूल एकदा बोलले आणि त्याला मार बसला, तर ते दुसऱ्यांदा बोलणार नाही, ही गोष्ट घराला लागू आहे तशीच शाळेलाही आहे.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ बालके होरपळून गेली. त्या शोकांतिकेनंतर चाललेल्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने पक्की इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी आणि कुंपण ही शाळेची किमान अंगे ठरविली, मुलांना मारण्यास व मानसिक छळ करण्यास बंदी केली. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार असा गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने तो दडपला तर शिक्षा अधिक कडक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून मिटवामिटवी करण्याचा सल्ला देणारे लोक आपल्या समाजातही आहेत. त्यांनी हे कलम एकदा वाचून पाहावे.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही कायदा सांगतो. कर्नाटकात हिला शाळा विकास व देखरेख समिती म्हणतात. आपल्यापैकी किती जण या समितीच्या सभेला जातात? गावी राहणाऱ्यांनी जावे, आणि शहरात स्थायिक झालेल्यांनी गावच्या शाळेला टॅब किंवा संगणक भेट देण्यापूर्वी या समितीला एक पत्र लिहून विचारावे : जमिनीत बिळे आहेत का? छत गळते का? मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि कडी आहे का? साप चावला तर वाहन कोणाचे? मग जी उणीव दिसेल ती आधी भरून काढावी. देणगीदाराचे नाव कडीवर कोरता येत नाही, हे खरे. पण पुण्य कडीचेच अधिक. ही कामे उरकली की संगणक अवश्य द्यावा. घाटमाथ्यावरच्या मुलालाही साऱ्या जगाच्या ज्ञानावर शहरातल्या मुलाइतकाच हक्क आहे.

आणि घरातल्यांसाठी एक छोटेसे काम. संध्याकाळी मूल शाळेतून आले की “आज काय शिकलास?” हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला, हातातला मोबाइल बाजूला ठेवून, आणखी एक प्रश्न विचारावा : “आज कोणाला काही सांगायचे राहिले का?” बहुतेक दिवशी उत्तर येणार नाही. तरी विचारीत राहावे, आणि विचारल्यावर थोडा वेळ स्वस्थ बसावे.